पान टाकणे आणि पान लागू होणे : पत्त्यांच्या खेळातील 'केव्हा'चा इतिहास

डेटा स्ट्रक्चर्समधील स्टॅक शिकवताना मी बरीच वर्षे मेसमधील ताटांच्या चळतीचे उदाहरण देत आलो. शेवटी ठेवलेले ताट आधी निघते, एवढेच त्यातून कळते. असा नियम मुळात कोणाला आणि कशासाठी लागला असेल, हे ताटे सांगत नाहीत. मग एकदा तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने खिशातून रंगीत पत्त्यांचा कॅट काढला आणि म्हणाला, "सर, आमच्या खेळात यावरूनच रोज भांडण होते." तो खेळ होता मॅजिक: द गॅदरिंग. त्या भांडणाचा माग काढता काढता मी आमच्या क्वार्टरमधल्या पत्त्यांच्या बैठकीपर्यंत आणि तिथून सावंतवाडीच्या गंजिफापर्यंत जाऊन पोहोचलो. हे टिपण अभ्यासक्रमात नाही आणि परीक्षेत येणार नाही. पण स्टॅक समजून घ्यायचा असेल तर वाचा.

प्रश्न एकच आहे. पान टाकणे ही एक घटना आणि ते पान लागू होणे ही दुसरी घटना. बहुतेक वेळा या दोन्ही एकाच क्षणी घडतात, म्हणून आपल्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत. ज्या खेळात त्यांच्यामध्ये फट पडते, तिथे लगेच विचारावे लागते : या फटीत बोलण्याचा अधिकार कोणाला?

बंद हुकूम

मी भिलाईत शिकवतो आणि इथेच वाढलो. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे नोकरीला आली. त्यांच्याबरोबर त्यांचे पत्त्यांचे खेळही आले. मल्याळी मंडळी अठ्ठावीस खेळत, बंगाली एकोणतीस, तमिळ आणि काही कोकणी घरांत तीनशे चार, आणि आम्ही विदर्भातले लोक मेंढीकोट. सी शिफ्ट संपवून आलेली माणसे रविवारी दुपारी चटईवर बसली की चारही खेळांचे नियम एकमेकांत मिसळत आणि दर तासाभराने आवाज चढत.

या चारही खेळांत एक गोष्ट सारखी आहे. हुकूम कोणता हे सुरुवातीला सर्वांना माहीत नसते. मेंढीकोटाच्या 'बंद हुकूम' प्रकारात एक पान पालथे ठेवलेले असते. उतरलेल्या रंगाचे पान ज्याच्याकडे नसेल तो म्हणतो, "हुकूम खोला." पालथे पान उलटले जाते आणि त्या क्षणापासून त्या रंगाला सत्ता मिळते.

आता भांडण कुठे होते ते पाहा. पहिल्याने किलवर उतरली. दुसऱ्याकडे किलवर नव्हती, पण त्याने हुकूम न मागता बदामाचे एक पान गपचूप टाकून दिले. तिसऱ्याने किलवरची दश्शी टाकली. चौथ्याकडेही किलवर नाही. त्याने हुकूम मागितला, आणि निघाला बदाम! मग दुसऱ्याने आधीच टाकलेले बदामाचे पान हुकूम धरायचे की नाही? ते धरले तर दश्शी, म्हणजे मेंढी, त्याच्या जोडीकडे जाते. नाही धरले तर चौथ्याच्या हातात हुकूम आहे का, यावर सगळे अवलंबून. आमच्या घरी नियम होता की हुकूम उघडण्याआधीचे पान ते साधे पान. शेजारच्या क्वार्टरमध्ये नेमका उलटा नियम होता, आणि दोन्हीकडची माणसे 'हाच खरा नियम' असे शपथेवर सांगत.

तीनशे चार खेळणाऱ्यांनी हा पेच फार सुंदर सोडवला आहे. हुकूम बंद असताना ज्याच्याकडे उतरलेला रंग नाही, तो आपले पान पालथेच टाकतो. सगळ्यांची पाने पडली की हुकूम बोलणारा ती पालथी पाने उलटून पाहतो. त्यांत हुकमाचे पान असेल तर हुकूम उघड होतो आणि हात मोठ्या हुकमाला जातो. म्हणजे हाताच्या मध्ये कोणी काही बोलत नाही; निर्णय शेवटी एकदमच होतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर मेंढीकोट आणि अठ्ठावीस यांत इंटरप्ट आहे : चालू काम थांबवा, हुकूम उघडा, मग पुढे चला. तीनशे चारमध्ये काम साठवून ठेवले जाते आणि शेवटी एकत्र निपटले जाते. ही दोन उत्तरे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सूर्याला विचारून उतारी

याच्या मागे, छापील बावन्न पानांच्याही आधी, आपल्याकडे गंजिफा होता. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या संचाचे वर्णन अबुल फजलने आईन-इ-अकबरीत केले आहे. दख्खनमध्ये आणि कोकणात या खेळाने दशावतारी रूप घेतले : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण 120. पाने गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली. सावंतवाडी हे त्यांचे मोठे केंद्र होते. कला जवळजवळ संपत आली असताना 1971 च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कलाकार बसवून ती पुन्हा उभी केली. तिथे गेलात तर दरबार हॉलमध्ये ही पाने रंगवताना पाहता येतात. जरूर जा, मी एकदा गेलो आणि घाईत परतलो, त्याची चुटपुट आहे.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो उतारीच्या नियमाचा. डाव दिवसा सुरू झाला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी. रात्री सुरू झाला तर कृष्णाच्या राजाची. आठ रंगांच्या मोगल गंजिफातही हेच तत्त्व होते : दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याचे नाणे, आणि रात्री सफेद, म्हणजे चांदीचे. पत्त्यांच्या खेळातला काळाचा नियम इतका शब्दशः घेतलेला मला दुसरीकडे आढळला नाही. इथे 'केव्हा' हे घड्याळातले किंवा क्रमातले नाही, ते खिडकीबाहेरचे आहे.

हा नियम आज गोड वाटतो, पण तो भाबडा नाही. डाव सुरू होण्याआधी एक अशी खूण हवी, जी कोणाच्याही हातातल्या पानांवर अवलंबून नाही आणि जी सर्वांना सारखीच दिसते. सूर्य त्यासाठी उत्तम. दिवेलागणीच्या वेळी थोडी वादाला जागा राहील, तेवढी घरातल्या वडीलधाऱ्याने मिटवावी. एकदा उतारी झाली की पुढे टाकणे आणि लागू होणे यांत फट नाही. गंजिफात 'हुकूम' म्हणजे एखाद्या रंगातले उरलेल्यांपैकी सर्वांत मोठे पान, आणि कोणते पान केव्हा हुकूम झाले हे ज्याने त्याने डोक्यात ठेवायचे. सगळा भार स्मरणशक्तीवर असतो. मध्येच हात वर करून "थांबा" म्हणण्याची सोय नाही आणि गरजही नाही.

प्रत्येक पानामागे एक फट

गंजिफात फट नाही, बंद हुकमात ती एका हातात एकदाच पडते. ऑगस्ट 1993 मध्ये अमेरिकेत असा एक खेळ आला, ज्यात ती जवळपास प्रत्येक पानामागे पडते. रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा माणूस, कॉम्बिनेटोरिक्समध्ये पीएच.डी. केलेला. त्याने रचलेला मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या लहानशा कंपनीने बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू हा जादूगार. त्याचा कॅट त्याने स्वतः जमवलेला. पाने म्हणजे मंत्र आणि प्राणी. महत्त्वाची गोष्ट ही की काही मंत्र स्वतःच्या पाळीतच टाकता येतात, तर 'इन्स्टंट' जातीचे मंत्र दुसऱ्याच्या पाळीतही, त्याच्या मंत्राला उत्तर म्हणून टाकता येतात.

एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे अस्वल आहे, ताकद दोन आणि सहनशक्ती दोन. माझ्याकडे लाइटनिंग बोल्ट आहे, जो तीन इजा करतो. तुमच्या हातात जायंट ग्रोथ आहे, जो त्या पाळीपुरती दोन्हींत तीनची भर घालतो. मी बोल्ट टाकला आणि तुम्ही उत्तरादाखल ग्रोथ टाकला. शेवटचे आधी लागू होत असेल तर अस्वल आधी पाच-पाच होते, मग तीन इजा सोसून जगते. आता उलटे करा : तुम्ही आधी ग्रोथ टाकला आणि त्याला उत्तर म्हणून मी बोल्ट. आता बोल्ट आधी लागू होतो, दोनच सहनशक्तीचे अस्वल मरते आणि ग्रोथला लक्ष्यच उरत नाही. पाने तीच, खेळाडू तेच; कोण आधी बोलला यावर जगणे-मरणे.

पहिल्या काही वर्षांत या फटीचे नियमन लेबलांनी केले जाई. इन्स्टंटच्या वर 'इंटरप्ट' नावाची जात होती. समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारे काउंटरस्पेल हे पान इंटरप्ट होते, आणि इंटरप्टला फक्त इंटरप्टनेच उत्तर देता येई. नाव संगणकातून आलेले असो वा नसो, वागणूक अगदी प्रोसेसरमधल्या इंटरप्टसारखी : वरच्या दर्जाची सूचना आली की खालच्या दर्जाचे सगळे थांबते. पण मग जादूची ऊर्जा, म्हणजे माना, पुरवणाऱ्या मंत्रांचे काय? ते अर्धवट अडवले तर हिशेबच कोलमडतो. म्हणून 1996 मध्ये मिराज या संचाबरोबर इंटरप्टच्याही वर 'माना सोर्स' ही नवी जात आली, जिला कोणीच उत्तर देऊ शकत नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, ही शिडी संपणारी नाही. एक अपवाद सोडवण्यासाठी वरची पायरी, त्या पायरीच्या अपवादासाठी आणखी वरची. ज्यांनी जुना कोड सांभाळला आहे त्यांना हा आजार ओळखीचा आहे.

लेबलांच्या जोडीला दुसरी व्यवस्था होती ती मालिकेची, म्हणजे बॅचची. दोघेही आलटून-पालटून मंत्र टाकत जात. दोघेही "बस" म्हणाले की मालिका बंद होई आणि शेवटून पहिल्यापर्यंत एकेक मंत्र लागू होई. सुटायला सुरुवात झाली की मध्ये नवा मंत्र घालायला मनाई. इजा टाळण्यासाठी मात्र एक वेगळी खिडकी ठेवलेली होती, आणि त्या खिडकीत केवळ इजा रोखणारे, वळवणारे किंवा प्राण्याला पुन्हा जिवंत ठेवणारे परिणामच चालत. इंटरप्ट मेंढीकोटाच्या बाजूचा, आणि मालिका, निदान मध्ये न बोलण्यापुरती, तीनशे चारच्या बाजूची. मॅजिकने दोन्ही उत्तरे एकाच वेळी वापरली, आणि गोंधळ त्यातूनच वाढला.

मित्रांमध्ये हे चालून जाते. पण 1994 मध्ये मिलवॉकी इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि फेब्रुवारी 1996 मध्ये न्यूयॉर्कला रोख बक्षिसांची प्रो टूर सुरू झाली. आता समोरासमोर बसलेली माणसे अनोळखी होती आणि हरण्याची किंमत डॉलरमध्ये होती. 'आमच्या घरी असे खेळतात' हे वाक्य तिथे निरुपयोगी. भिलाईच्या चटईवर चार प्रांतांची माणसे बसली की जे होई तेच, फक्त तिथे वाद मिटवायला पंच लागत.

1999 : चळत

एप्रिल 1999 मध्ये क्लासिक सिक्स्थ एडिशन आली आणि तिच्याबरोबर नियमांची जवळपास नवी पायाभरणी झाली. इंटरप्ट आणि माना सोर्स या जाती रद्द झाल्या. ती सगळी पाने इन्स्टंट झाली. बॅच गेली आणि तिच्या जागी स्टॅक आला. मंत्र टाकला की तो चळतीवर सगळ्यांत वर जाऊन बसतो. मग प्रायॉरिटी, म्हणजे बोलण्याचा हक्क, फिरतो : आधी ज्याची पाळी आहे त्याला, मग दुसऱ्याला. सर्वांनी लागोपाठ "पुढे" म्हटले की सर्वांत वरचा एकच मंत्र लागू होतो. त्यानंतर हक्क पुन्हा फिरतो.

'एकच' हा शब्द अधोरेखित करा. सगळी क्रांती त्यात आहे. समजा मी तुमच्या अस्वलावर बोल्ट टाकला. तुमच्या हातात ग्रोथ नाही, पण अँसेस्ट्रल रिकॉल आहे, जो तीन पाने ओढू देतो. तुम्ही तो टाकता. तो आधी लागू होतो. ओढलेल्या तीन पानांत ग्रोथ निघतो. बॅचच्या नियमात तुम्ही हातात औषध घेऊन अस्वल मरताना पाहत बसाल, कारण मालिका सुटू लागली आहे. स्टॅकच्या नियमात बोल्ट अजून चळतीवर वाट पाहत आहे आणि बोलण्याचा हक्क तुमच्याकडे परत आला आहे. ग्रोथ टाका, अस्वल वाचते.

ही कल्पना खेळवाल्यांनी शोधलेली नाही. म्युनिकमध्ये फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेल्सन यांनी 1957 मध्ये गणिती सूत्रे यंत्राकडून सोडवून घेण्यासाठी याच तत्त्वाच्या पेटंटचा अर्ज केला. त्यांनी त्याला 'तळघर' या अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. कंसात कंस असलेले सूत्र सोडवताना बाहेरचे काम अर्धवट ठेवून आतले आधी संपवावे लागते. उत्तराला उत्तर आणि त्याला पुन्हा उत्तर, ही रचना अगदी तीच आहे. मॅजिकला इथवर यायला सहा वर्षे लागली, यात मला कमीपणा वाटत नाही. प्रश्न आधी पुरेसा दुखल्याशिवाय साधा नियम सापडत नाही.

पण साध्या नियमाचीही किंमत असते, आणि ती डार्क रिच्युअल या पानावर छापलेली दिसते. माना देणारे हे काळे पान 1993 मध्ये इंटरप्ट म्हणून छापले गेले, 1996 मध्ये माना सोर्स म्हणून, आणि ऑक्टोबर 1999 च्या मर्केडियन मास्क्स संचात इन्स्टंट म्हणून. परिणाम तोच : तीन काळे माना. तरी पान तेच राहिले नाही. जे अडवता येत नव्हते ते आता काउंटरस्पेलने अडवता येऊ लागले. ज्याने त्या न अडण्यावर आपला कॅट उभा केला होता, त्याच्या पेटीतले पान एका पुस्तिकेने बदलले. नियम बदलणारे म्हणाले असतील की आम्ही फक्त वर्गीकरण नीट केले. माझ्या मते वर्गीकरण कधीच 'फक्त' नसते. तरीही मी 1999 च्या बाजूचा आहे : अपवाद पाठ असलेल्या दहा जणांपेक्षा, एक नियम समजलेला नवखा मुलगा टेबलावर न्यायाने बसू शकला पाहिजे.

त्या उत्साहात त्यांनी एक पाऊल जास्त टाकले. लढाईतली इजासुद्धा स्टॅकवर ठेवली. परिणाम असा, की मॉग फॅनॅटिकसारखा प्राणी आपला वार चळतीवर ठेवून लगेच स्वतःचा बळी देई आणि त्या बळीची वेगळी इजा करी. मागाहून त्याचा वारही लागू होई. मेलेल्याचा ठोसा! तर्काने बिनचूक, डोळ्यांना न पटणारे. दहा वर्षे हे चालले आणि जुलै 2009 मध्ये मॅजिक 2010 च्या नियमांनी लढाईची इजा स्टॅकवरून उतरवली.

लेबलांची शिडी मेली असेही समजू नका. कोनामीच्या यु-गि-ओ या जपानी खेळात आजही पानांना एक ते तीन असे वेग आहेत, वरच्या वेगाला खालच्या वेगाचे उत्तर चालत नाही, आणि साखळी सुटू लागली की तिच्यात नवा दुवा जोडता येत नाही. तो खेळ जगभर उत्तम चालतो. मॅजिकमध्येही 2006 साली 'स्प्लिट सेकंड' हा गुण आला, ज्याचे पान चळतीवर असेपर्यंत दुसरा मंत्र टाकताच येत नाही. दारातून घालवलेला इंटरप्ट खिडकीतून परत आला, असे आमच्या वर्गात म्हणतात. 2019 मध्ये चर्चिल, बिडरमन आणि हेरिक या तिघांनी मॅजिकच्या नियमांत ट्युरिंग यंत्र बांधता येते हे दाखवले. तो लेख तिसऱ्या वर्षानंतर वाचलात तर जास्त मजा येईल.

आता सराव. अस्वल, बोल्ट, ग्रोथ आणि रिकॉल एवढीच पाने घेऊन एक छोटा प्रोग्राम लिहा, जो दोन खेळाडूंच्या चाली वाचून अस्वल जगले की मेले ते सांगेल. मी हे गृहपाठ म्हणून देतो तेव्हा बहुतेक वही-कोड असा असतो : दोघेही "पुढे" म्हणाले की स्टॅक रिकामा होईपर्यंत पॉप करत राहा. लूप चालतो, उत्तरही बऱ्याचदा बरोबर येते. मग मी रिकॉलची चाल देतो आणि अस्वल मरते, कारण तुम्ही लिहिलेला नियम 1999 चा नसून त्याआधीच्या बॅचचा आहे. पॉप एकदाच करा, आणि लगेच पुन्हा दोघांना विचारा.